निळा, छापखान्याचा

पहिलं घेतलं तेव्हा त्याचं नावही मला लागलं नव्हतं.
सावंतवाडीत, चितार आळीत, लाकडी केळी-आंब्यांच्या दुकानात
भाचीसाठी भातुकली बघत होते;
गल्ल्यामागच्या भिंतीवर चार पिनांनी टोचलेला कागद:
संकासूर विहिरीवर पाणी शेंदतोय,
दाढी कमरेला खोचलेली, खांद्यावर पंचा.
ऐंशी रुपये. कोपऱ्यात पेन्सिलीनं ३७/१००, बा. चि.
भातुकली राहिलीच.

मग येत गेले एकेक,
पडद्यामागं मुकुट मांडीवर ठेवून पेज पिणारा दशावतारातला राजा,
बांगड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली बाई,
आणि पाटीतल्या प्रत्येक बांगड्याचा डोळा
बाईच्या डोळ्याएवढाच.
सगळे चेहरे एका बाजूनं, डोळा मात्र पुरता.
तोंड फिरवलं तरी बघणं सुटत नाही, तसा.

शिरोड्यात कागद जगवायचा म्हणजे
कमी वजनाचं मूल जगवणं.
मिठागरातलं मीठ हवेवर बसून घरात येतं.
श्रावणात काचेच्या आत घाम धरतो;
एका वर्षी राजाच्या गालावर
देवी उठाव्यात तशी बुरशी उठली.
आरोग्य केंद्रात गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांतून
'खाऊ नये' लिहिलेल्या बारीक पुड्या मी वेचून आणते,
प्रत्येक चित्राच्या पाठीला दोन-दोन चिकटवते.
दिगंबर म्हणतो, माझ्या दम्याकडे एवढं बघितलं असतंस तर.
म्हणतो,
आणि खिळा सरळ बसला का, तेही तोच बघतो.

बारांचा संच. अकरावं मिळेना.
कुणी म्हणे त्यात होडी आहे, कुणी म्हणे म्हातारी.

एका रविवारी आकेरीला गेले, दोन एसट्या बदलून,
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं माझं लाडकं, सातवं:
रापण ओढणारी माणसं, सगळी मागं रेललेली,
आणि त्यांच्यापुढं तो निळा.

बाबल चितारी ओट्यावर बसून
कुणाच्या तरी गणपतीचा पाट रंगवत होते.
"अकरावा? ता माका पण गावाक नाय.
म्हातारेन ट्रंकेत घातल्यान, वाळवेन खाल्ल्यान."
काय होतं त्यात?
"होती एक बाय, दिवो घेवन."
थोड्या वेळानं, ब्रश पुसत:
"नाय तर गाय आसतली."

मग सातवं हातात घेतलं.
जवळ धरलं, लांब धरलं, उन्हाकडं तिरकं केलं.
"ह्यो निळो माजो न्हय."
मी काही बोलले नाही.
"माजो दर्यो हिरवो होतो.
छापखान्यात हिरवी शाई संपलली आसतली."

बारा वर्षं.
रात्रपाळीहून आले की,
रेडीच्या त्या पोरीचं बाळ गेलं त्या पहाटेसुद्धा,
मी त्याच निळ्यासमोर बसून चहा प्याले होते.
कुणाच्या तरी संपलेल्या शाईसमोर.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली.
"बरो दिसता पण," म्हणाले.
आणि माझ्याकडं न बघता,
"चार दिस ऱ्हवांदे हंयसर."

आठ दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडून आलं,
नव्या सुतळीत बांधून, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.
पाठीवरच्या पुड्या काढून टाकलेल्या.
मी दुसऱ्या लावल्या.

सातवं त्याच्या जागी आहे.
कधी दुपारी किनाऱ्यावरून येताना
समुद्र खराच हिरवा दिसतो, पाण्यावर ऊन पडलेलं असताना,
तेव्हा मला त्याचाच जरा राग येतो.

अकराव्याचा खिळा रिकामा आहे.
दिगंबर त्यावर छत्री अडकवतो.
मी काढते.
तो परत अडकवतो.